रडलास तरी, नाही रडलास तरी

पाचोऱ्याच्या पोरी,

पाचोरा-जळगाव अप-डाउन, ऑफिसात साहेबांची बोलणी, संध्याकाळी स्टेशनबाहेर पाव किलो जिलबी आणि घरी पोचायच्या आत रिकामी पुडी, यावर तू दोन पानं लिहिलीस. आठ वर्षांच्या लेकाचा प्रश्न मात्र शेवटी एका ओळीत उरकलास: "आई, आज मी रडलो नाही, तरी जिलबी मिळेल?" म्हणजे रडलं की जिलबी, हे त्याच्या डोक्यात बसलंय. मी तिथेच अडकले.

"मावशी, ही सवय कशी मोडू?" म्हणतेस. ओझरतं असंही लिहिलंयस की दुपारचा डबा बरेचदा तसाच परत येतो. मग संध्याकाळी सहाची ती ओढ निम्मी पोटाचीच आहे, तिला मनाचा दुबळेपणा म्हणू नकोस. आधी डबा संपव. चार वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे खा. तरी जिलबी खुणावली, तर स्वतःला विचार: आत्ता कुणी कळण्याची भाकरी नि ठेचा पुढ्यात ठेवला तर खाईन का? खाशील, तर भूक आहे. घरी जाऊन जेव. जिलबीच हवी असेल, तर दिवसभरात "दमलीस का गं?" असं कुणी विचारलेलं नाही, त्याची ती भरपाई. त्या दिवशी घरी गेल्या गेल्या कणकेत हात घालू नकोस. ओट्यावर बैस, साहेब काय बोलले ते नवऱ्याला सांग. चहा तो करेल. येत नसेल तर शिकेल.

जिलबी बंद मात्र करू नकोस. मी एकदा महिनाभर गोड सोडलं होतं. एकतिसाव्या दिवशी श्रीखंडाचा डबा बोटाने पुसून काढला. रविवारी आण, ताटात वाढ, सगळे मिळून खा. आपल्या खानदेशात कानबाईच्या सणाचे रोट भाऊबंद बसून संपवतात, तेव्हा कुणी कुणाला विचारतं का, वर्षभरात तू काय दिवे लावलेस म्हणून?

लपून, पोट फुटेस्तोवर खाणं होत असेल आणि थांबताच येत नसेल, तर ते मावशीच्या आवाक्यातलं नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

लेकाला उत्तर देणं राहिलंय. तो रडला तर जवळ घे, जिंकून आला तर बॅटिंग कशी केली ते शेवटच्या बॉलपर्यंत ऐक. आणि जिलबीचं विचारलं की सांग, "रविवारी आहे. रडलास तरी, नाही रडलास तरी."

तुझी मावशी