लाईट गेली की बरं वाटतं

"मॅडम, रात्री सगळं शांत झालं की घरात एक बारीक शीळ ऐकू येते. दुसऱ्या कुणालाच येत नाही. मला भास होतायत का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक पंधरा ते पंचविशीतले असतात. त्यांचं वय लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. अशाच एका मुलीची हकीकत सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी बारावीतली. घरात आईवडील, सहावीतला भाऊ आणि आजी. तक्रार आई सांगत होती आणि मुलगी ओढणीचं टोक पिळत बसली होती. रात्री एक-दीडला ही उठते, अंधारात भिंतीला कान लावून उभी राहते, दिसेल तो प्लग उपटून ठेवते. सकाळी फोन चार्ज झालेला नसतो, मग वडिलांचा आरडाओरडा. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली होती. कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केला, तो अगदी व्यवस्थित आला, आणि तिथून घरचं वातावरण आणखीच बिघडलं. कान चांगले आहेत आणि आवाज बाकी कुणाला येत नाही, म्हणजे बिघाड डोक्यात, असा सरळ हिशेब प्रत्येकाने मनातल्या मनात मांडला होता.

मुलीला थोडा वेळ बाहेर बसवलं, तेव्हा आई मूळ गोष्टीवर आली. "माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्यालाही सुरुवातीला आवाजच यायचे."

आता मुलीशी एकटीशी बोलले. आवाजात शब्द असतात का? "नाही. टींऽऽ असं सरळ, एकसारखं." कुणी तुझं नाव घेतं, तुझ्याबद्दल बोलतं? ती हसलीच. कॉलेजात, बसमध्ये येतो? "नाही. गावाला गेलं की नसतोच." घरात कुठे जास्त? "टीव्हीच्या कोपऱ्यात आणि माझ्या टेबलापाशी. डोकं जरा इकडेतिकडे केलं तरी कमी-जास्त होतो. आणि लाईट गेली की एकदम बंद. लाईट गेली की मला बरं वाटतं."

नेमक्या याच वाक्याने आई धास्तावली होती. पोरगी म्हणते, अंधारात बसलं की बरं वाटतं! मला मात्र तिथेच पुष्कळसं कळलं. वीज गेल्यावर थांबणारा आणि आल्यावर परत सुरू होणारा भास मी तरी पाहिलेला नाही.

डोकं हलवल्यावर आवाज बदलतो, हे तिने सहज सांगितलं, पण तोही चांगला पुरावा आहे. अशी बारीक शीळ १५,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास असते, आणि त्या आवाजाची लहर हवेत जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर लांबीची असते. अशा आखूड लहरी भिंतींवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात, आणि खोलीत कुठे आवाज ठळक होतो तर बोटभर अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. कर्णनाद, म्हणजे आपण ज्याला कान वाजणं म्हणतो, तो असं करत नाही. तो तुमच्याबरोबर गावाला येतो, बसमध्ये येतो, लाईट गेली तरी राहतो.

मग डॉक्टरांच्या तपासणीत काही का दिसलं नाही? तर ती तपासणी या प्रश्नासाठी नसतेच. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, पण नेहमीचा ऑडिओग्राम २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच जातो, कारण माणसांचं बोलणं समजायला लागतं ते बहुतेक सगळं त्यात येतं. त्याच्या वरचं तपासायला वेगळी यंत्रणा लागते. रिपोर्ट बरोबर होता, फक्त तो या मुलीच्या शिळीबद्दल काहीच सांगत नव्हता.

आणि वय? अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीच्या अगदी तोंडाशी ज्या केसपेशी असतात, त्या सर्वांत वरचे सूर टिपतात. वय वाढतं तशा त्या आधी निकामी होतात आणि पुन्हा उगवत नाहीत. डोळ्यांना चाळिशी लागते तशी कानालाही लागते, फक्त चष्म्याच्या दुकानात जावं लागत नाही म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली एकाने यावर धंदाच उभा केला. दुकानांबाहेर टोळक्याने रेंगाळणाऱ्या पोरांना पिटाळायला १७.४ किलोहर्ट्झच्या आसपास किरकिरणारं यंत्र काढलं, जे मोठ्यांना सहसा ऐकूच येत नाही. पोरं त्याच्या वरचढ. त्यांनी तसाच सूर मोबाइलची रिंगटोन म्हणून लावला, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी शिक्षकांना कळू नये.

राहिला प्रश्न, साध्या चार्जरमधून शीळ येते कशी. चार्जर किंवा अडॅप्टरच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतं. एरवी हा वेग माणसाच्या कानाच्या पलीकडे असतो. पण फोन लावलेला नसेल किंवा टीव्ही नुसता स्टँडबायवर असेल, तर वीज वाचवायला सर्किट थांबून थांबून, तुकड्या-तुकड्यांनी चालतं, आणि त्या तुकड्यांचा वेग ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरतो. मग आतला छोटा ट्रान्सफॉर्मर आणि सिरॅमिक कपॅसिटर अगदी सूक्ष्म थरथरतात. ही थरथर म्हणजेच ती शीळ. जाता जाता, इन्व्हर्टरवर पंखा घुमतो किंवा जुन्या ट्यूबलाईटची चोक गुणगुणते तो जाड आवाज वेगळा, तो आजीलाही ऐकू येतो.

हे सगळं मी समजावून सांगू शकले असते, पण वडिलांना ते पटलं नसतं. म्हणून घरी एक प्रयोग करायला सांगितला. मुलीने हॉलमध्ये पाठ करून, डोळे मिटून बसायचं. वडिलांनी एकेक चार्जर आणि अडॅप्टर मनाला येईल तसा लावायचा किंवा काढायचा. बटणाचा खटका ऐकू येऊ नये म्हणून स्विच आधीच चालू ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि तोही टॉवेलवर ठेवलेला. मुलीने 'आहे' किंवा 'नाही' सांगायचं आणि आईने कागदावर लिहून घ्यायचं. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं एखादं अॅप घ्यायचं, कारण बऱ्याच फोनचा माइक ज्या उंचीचा सूर पकडतो तो चाळिशीनंतरच्या कानाला येत नाही.

पुढच्या भेटीला कागद घेऊन आले ते वडीलच. मुलगी जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर होती. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर आणि तिच्या टेबलावरचा एक स्वस्तातला चार्जर, असे दोन गुन्हेगार निघाले. अॅपमध्ये सोळा हजारांच्या जरा अलीकडे एक बारीक रेघ उभी राहायची आणि प्लग काढला की पडायची. पण वडिलांना त्या रेघेपेक्षा मुलाने हलवलं. प्रयोग चालू असताना सहावीतला भाऊ म्हणाला, "हा आवाज? तो तर रोजच असतो." त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि त्याला वाटत होतं की सगळ्यांनाच येतो.

मग वडिलांना स्वतःचं लहानपण आठवलं. जुना डबा टीव्ही, आवाज पूर्ण बंद असला तरी शेजाऱ्यांच्या दारातूनच कळायचं की चालू आहे. त्याचं कारणही मी त्यांना सांगितलं. आपल्याकडच्या त्या टीव्हीवर ६२५ रेघांचं चित्र सेकंदाला २५ वेळा रेखलं जायचं. गुणाकार केला तर १५,६२५. तेवढ्या हर्ट्झचा सूर पडद्यामागच्या ट्रान्सफॉर्मरमधून निघायचा. तो ऐकू येणं आपलं कधी थांबलं, हे त्यांना सांगता येईना. मुलीकडे बघून ते म्हणाले, "तू सांगत होतीस, आम्ही ऐकलं नाही." मुलगी मग बराच वेळ रडली. महिनोन्महिने खरं बोलूनही तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता, आणि माझ्या मते शिळीपेक्षा तिला त्याचाच त्रास अधिक झाला होता.

चार्जर टाकून दिला, अडॅप्टर बदलला. एवढ्यावर संपलं असतं तर समुपदेशकाची गरज काय होती? पण आवाज गेल्यावरही ती रात्री उठून कान लावायचीच. सारखं आवाजाच्या मागावर राहून कान हुशार झालेले, त्यात बारावीचं वर्ष आणि अपुरी झोप. अगदी शांततेत तिला आता कानात काहीतरी बारीक जाणवायचं, आणि पुन्हा धसका. तेव्हा तिला १९५३ सालचा अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. श्रवणशक्ती चांगली असलेल्या ८० जणांना आवाज शिरणार नाही अशा खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. पूर्ण शांतता बहुतेक कुणाला मिळतच नाही. रात्री पंखा चालू ठेवायचा, कानात बोळे घालून झोपायचं नाही (सतत बोळे घातले तर कान उलट जास्तच हळवे होतात), आणि प्लग तपासायचे ते झोपण्याआधी एकदाच, उजेडात. उठावंसं वाटलं तर अंथरुणातच थांबून ती ओढ ओसरू द्यायची. काही आठवडे गेले, पण झोप जागेवर आली.

आईशी मात्र वेगळं बसावं लागलं. मामाला आजार आहे म्हणून भाच्यांना होतोच असं नाही, बहुतेकांना होत नाही. त्या आजारात सहसा बोलणारे आवाज येतात, शब्द असतात, जोडीला संशय, माणसांपासून तुटणं, वागण्या-विचारांत बदल दिसतो. यातलं मुलीत काही नव्हतं. मामाबद्दल मुलांना काही सांगितलेलं नाही, असं आई म्हणत होती. मुलीला सगळं ठाऊक होतं, आणि रात्री ती भिंतीशी उभी राहायची ती अर्धी त्याच भीतीपोटी. हे दोघींनी एकमेकींना माझ्यासमोर सांगितलं. खरं तर ते घरीच व्हायला हवं होतं, पण घरी मामाचा विषय निघत नसे.

तुमचं प्रकरण असंच असेल असं मी म्हणणार नाही. आवाज कुठेही गेलात तरी सोबत येत असेल, एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर पडत असेल, चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एकाएकी ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा, थांबू नका. शब्द ऐकू येत असतील, कुणी हुकूम सोडतंय असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला लाजू नका. आणि घरात उंदीर पळवायचं प्लगमध्ये लावायचं यंत्र असेल तर आधी ते काढून बघा. त्यातल्या काहींचा आवाज मुलांना स्पष्ट ऐकू येतो.

परीक्षा झाल्यावर आईचा फोन आला होता. मुलगी ठीक होती. त्यांना विचारायचं होतं, "मॅडम, धाकट्याचेही कान एकदा तपासून घेऊ का?"

मी म्हटलं, तपासायला नको, पण नवा चार्जर घ्यायला जाल तेव्हा त्याला दुकानात सोबत घेऊन जा.