मेटोप्रोलॉल 25 मिलिग्रॅमवरून 50 केल्यापासून आठ दिवस अंगात त्राण नाही. परत 25 वर येऊ का?

स्वतःच्या मनाने येऊ नका. मी ती चूक केलीय, म्हणून एवढं लिहितो. मी डॉक्टर नाही, अमळनेरजवळ कापसाची शेती करतो. बीपीसाठी हीच गोळी तीन वर्षांपासून घेतोय.

माझीही मात्रा 25 ची 50 झाली तेव्हा पहिले दहा-बारा दिवस असेच गेले. सकाळी उठलो तरी रात्रभर पाणी भरल्यासारखं अंग जड. विहिरीपासून बांधापर्यंत चालत गेलो की मांड्या भरून यायच्या. हात-पाय गार, आणि रात्री इतकी ठळक स्वप्नं पडायची की बायको हलवून विचारायची, "काय व्हई ऱ्हायनं तुम्हले?" स्वप्नांचा संबंध गोळीशी असेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. नंतर कळलं, मेटोप्रोलॉल आणि त्याच जातीचं प्रोप्रॅनोलॉल मेंदूपर्यंत पोचतात, त्यामुळे काहींना असं होतं.

मग मी शहाणपणा केला. मामेभावाच्या लग्नात धुळ्याला चार दिवस होतो, तेव्हा गोळीच घेतली नाही. पहिले दोन दिवस बरं वाटलं, अगदी तरतरीत. तिसऱ्या दिवशी पंगतीत बसलो आणि छातीत धडधड सुरू झाली. मनगटावर मोजलं तर 110 च्या पुढे. डॉक्टरांनी फोनवरच झापलं. ही गोळी अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवते. रोज अडवत राहिलं की शरीर त्याला सरावतं, आणि अडसर एकदम काढला की तेच अ‍ॅड्रेनलिन दुप्पट जोराने लागल्यासारखं होतं. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे त्यांना छातीत दुखणं, क्वचित हृदयविकाराचा झटकासुद्धा येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने, आणि तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

थकवा कशाने येतो हे समजलं तेव्हा मला थोडं सोसवायला लागलं. पळताना किंवा ओझं उचलताना ठोके जेवढे वाढायला हवेत तेवढे ही गोळी वाढू देत नाही. ट्रॅक्टरला वरचा गिअर पडेनासा झाला तर चढावर जसं होतं, तसंच. बऱ्याच जणांचं शरीर काही आठवड्यांत जुळवून घेतं. माझं तिसऱ्या आठवड्यात सुधारलं, पण पूर्वीइतका जोर आला नाही, हे खोटं कशाला सांगू?

तुम्ही आजच एक वही काढा. सकाळी गोळी घेण्याआधी, बसून, नाडी आणि बीपी लिहा. चक्कर आली की वेळ लिहा. माझी नाडी 74 वरून 56 वर आली होती, डॉक्टर म्हणाले चालेल. नाडी 50 च्या खाली जाऊन चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणं किंवा पायाला सूज असेल तर लगेच दाखवा, वाट बघत बसू नका. दमा असेल, किंवा शुगरची औषधं चालू असतील, तर तेही डॉक्टरांना परत एकदा सांगा. शुगर उतरली की थरथर, धडधड होते ना, ती या गोळीने झाकली जाते. घाम मात्र फुटतो, त्या खुणेवर लक्ष ठेवा.

आपल्याकडचा उन्हाळा तर वेगळाच. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की घामाने बीपी आपोआप खाली येतं, आणि खाटेवरून झटकन उठलं की गरगरतं. आधी कडेला पाय सोडून बसा, मग उभे राहा.

आणखी एक, मेडिकलमधून गोळी घेताना पट्टी नीट वाचा. साधं मेटोप्रोलॉल टार्ट्रेट बहुधा दिवसातून दोनदा देतात. एक्सएल किंवा ईआर लिहिलेलं सक्सिनेट हळूहळू सुटतं, ते एकदाच. एकदा मला दुकानदाराने एक्सएल बदलून साधं दिलं आणि मी एकदाच घेत राहिलो, संध्याकाळी बीपी चढलेलं. एक्सएल चावून किंवा कुटून घेऊ नका.

डॉक्टरांना वही दाखवून विचारा, कमी मात्रा चालेल का, की दुसरं औषध. तोवर आजची गोळी विसरलीच तर उद्या दोन एकदम घेऊ नका.