मुद्देमालाची पिशवी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पहिलेच फौजदारी अपील हाती आले आहे, अशील जन्मठेप भोगतो आहे आणि साक्षीदारांच्या जबाबांतल्या विसंगती तू रात्री जागून टिपून काढल्या आहेस, हे वाचून समाधान वाटले. त्या उपयोगी पडतीलच. पण निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचलास का? ‘अपिलाची मुदत संपल्यानंतर मुद्देमाल नष्ट करण्यात यावा’ असे काहीसे तिथे असेल. हे वाक्य आले की आपण वकील पान उलटतो. मीही पुष्कळ वर्षे तसेच केले आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात जुलै १९८४ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. पूर्वी मरीन दलात असलेल्या कर्क ब्लड्सवर्थला पाच साक्षीदारांनी न्यायालयात ओळखले आणि १९८५ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. फेरखटल्यात फाशीऐवजी दोन जन्मठेपी झाल्या, एवढेच. ते साक्षीदार खोटे बोलत होते, असे मला वाटत नाही. मात्र त्यांच्यापैकी काहींनी ओळख परेडीच्या आधी त्याचा चेहरा दूरचित्रवाणीवर पाहिला होता, आणि एकदा मनात बसलेला चेहरा पुढे उलटतपासणीत कितीही खणले तरी निघत नाही. म्हणूनच केवळ विसंगतींवर विसंबू नकोस, असे मी तुला सांगतो.

तुरुंगात वाचन करताना ब्लड्सवर्थला इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचे प्रकरण समजले. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तंत्राने तिथे आधी गुन्ह्याची कबुली दिलेला सतरा वर्षांचा एक मुलगा निर्दोष ठरला आणि मग खरा खुनी सापडला होता. ब्लड्सवर्थने तशाच चाचणीचा आग्रह धरला, तेव्हा मुद्देमाल बहुधा नष्ट झाला असावा, असे उत्तर मिळाले. त्याचे वकील रॉबर्ट मोरिन यांनी ते उत्तर अखेरचे मानले नाही. मुलीचे कपडे शेवटी न्यायाधीशांच्या दालनातल्या कपाटात, एका कागदी पिशवीत सापडले. त्यावरच्या बारीकशा डागातला डीएनए ब्लड्सवर्थचा नव्हता. २८ जून १९९३ रोजी, जवळजवळ नऊ वर्षांनी, तो सुटला. त्याची आई काही महिन्यांपूर्वीच गेली होती. फाशीची शिक्षा झालेला आणि पुढे डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेला अमेरिकेतला तो पहिला माणूस. तरीही लोकांचा संशय फिटला नाही. २००३ मध्ये तोच डीएनए दुसऱ्या एका कैद्याशी जुळला, तेव्हा कुठे तो फिटला. आणि तो कैदी ब्लड्सवर्थच्याच तुरुंगात, त्याच्या खालच्या मजल्यावर राहिलेला होता.

ती पिशवी कागदाची होती, हेही ध्यानात ठेव. रक्ताचे ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधले की कुजतात आणि त्यांतला डीएनए खराब होतो. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील करावे लागतात. म्हणून पंचनाम्यात कपडे ओले होते की कोरडे, कशात बांधले, सील कोणाचे आणि प्रयोगशाळेत ते कोणत्या तारखेला पोहोचले, हे बारकाईने पाहा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये डीएनए नमुने अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे आणि ते कोणाकोणाच्या हातांतून गेले याची नोंदवही ठेवण्याचे निर्देश दिले आहेत. तुझ्या खटल्यातला तपास त्याआधीचा आहे, त्यामुळे त्या कागदपत्रांत अशी शिस्त सापडेलच, असे गृहीत धरू नकोस.

डीएनए चाचणी मागण्यापूर्वी तुरुंगात जाऊन अशिलाला स्वतः भेट. निकाल त्याच्याविरुद्धही जाऊ शकतो, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांग आणि तो काय म्हणतो ते शांतपणे ऐकून घे. मुद्देमाल जतन करण्याचा अर्ज मात्र त्या भेटीसाठी थांबवू नकोस, तो याच आठवड्यात दाखल कर. त्यात ‘सर्व मुद्देमाल’ असे मोघम लिहू नकोस. यादीतला प्रत्येक अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन आणि सीलचा तपशील एकेक करून लिही, आणि मसुदा झाला की मला दाखव.

तुझा शुभचिंतक