टिल्ट-शिफ्ट लेन्स शिकावी का, की संगणकावर इमारत सरळ करून भागते?

आपण दीड वर्षापासून घरांच्या अंतर्भागाची छायाचित्रे काढत आहात. टिल्ट-शिफ्ट लेन्स शिकायला किती दिवस लागतात आणि सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करता येत असताना तिच्यावर लाखाच्या पुढे खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. ही लेन्स कॅमेऱ्यावर असतानाच सेन्सरला (चित्र टिपणाऱ्या पृष्ठभागाला) समांतर वर-खाली किंवा बाजूला सरकवता येते, ती शिफ्ट, आणि तिरकी वाकवता येते, तो टिल्ट. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे : शिफ्ट एका दुपारी कळते, टिल्टला काही महिने लागतात. दुसऱ्या भागाचे उत्तर मी गेली कित्येक वर्षे एकाच माणसाला देत आलो आहे आणि त्याला ते अजून पटलेले नाही, त्यामुळे येथे थोडे पाल्हाळ होणार आहे, ते सांभाळून घ्यावे.

हा माणूस म्हणजे माझा थोरला आत्तेभाऊ. मी त्याला दादा म्हणतो. त्याचा पुण्यात स्टुडिओ होता, आजही आहे, आणि मी हे काम त्याच्याच हाताखाली शिकलो. फिल्मच्या काळात तो डार्करूममध्ये एन्लार्जरखालचे (फिल्मवरची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखालचे) ईझल, म्हणजे कागद धरणारी चौकट, एका बाजूने पुस्तकांच्या टेकूवर उचलून, कॅमेरा वर उचलल्यामुळे मागे झुकलेल्या दिसणाऱ्या इमारती सरळ करत असे, आणि संगणक आल्यावर तेच काम माऊसने होऊ लागले तेव्हा त्याच्या दृष्टीने या विषयावर पडदा पडला. ‘‘जी गोष्ट घरी बसून होते, तिच्यासाठी रस्त्यावर तासभर उभं कशाला राहायचं?’’ हे त्याचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आपल्या प्रश्नातही मला त्याचाच आवाज आला.

२०१२ च्या पावसाळ्याअखेर एका वास्तुरचनाकार बाईंनी पेठेतला एक खासगी वाडा उतरवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम आम्हाला दिले. मोजमापे घेऊन आराखडे त्या स्वतः तयार करत होत्या. आमच्याकडून त्यांना हवा होता तो दर्शनी भाग, दगडी जोत्यापासून कौलांच्या कडेपर्यंत, उभे ते उभे आणि आडवे ते आडवे ठेवून. विश्रामबागवाड्यासमोर निदान बाजीराव रस्ता तरी आहे. या वाड्यासमोर जेमतेम सहा मीटरची गल्ली होती आणि समोरच्या घराच्या भिंतीला पाठ टेकवूनच उभे राहावे लागत होते. वाडा साडेआठ मीटर उंच, खाली सुरूदार खांब, दरवाजावर गणेशपट्टी आणि वर सज्जा, ज्याच्या टेकूंना केळफुलाच्या आकाराची लोंबती नक्षी होती. मी दादाशी वाद घालून एका दिवसापुरती २४ मिमीची टिल्ट-शिफ्ट भाड्याने आणली.

तिची निवड चुकली नव्हती, हे गणितानेच दाखवता येते. कॅमेरा उभा धरला की फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरची उंची ३६ मिमी होते. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, भिंत सहा मीटरवर आणि सेन्सर भिंतीला समांतर असेल, तर २४ मिमीच्या साध्या लेन्समध्ये जमिनीपासून सहा मीटरपर्यंतचाच वाडा येतो आणि चौकटीचा खालचा तिसरा हिस्सा रस्ता खाऊन टाकतो. आता १२ मिमी शिफ्ट वर द्या. कॅमेरा तसूभरही न हलता तीच चौकट भिंतीवर तीन मीटर वर सरकते, खालची कडा जोत्याच्या पायाशी येते आणि वरची नऊ मीटरवर जाते. गल्लीत उभे राहून मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला झालेला आनंद आजही आठवतो. दादाने मात्र आपल्या नेहमीच्या झूम लेन्सने कॅमेरा वर उचलून चार फोटो काढले आणि तो समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला.

सकाळ दुसऱ्या एका कामात गेल्यामुळे आम्ही तेथे पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. उजेड उतरत होता, गल्लीतून दुचाक्या जात होत्या, आणि तिपाईवर कॅमेरा असूनही मी घाईने एफ/५.६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच उघडे ठेवून, काम उरकले. पडद्यावर सारे सरळ दिसत होते, गणेशपट्टीवर फोकस केला होता आणि गणपतीच्या सोंडेवरचा छिन्नीचा घाव न् घाव मोजता येत होता. रात्री घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा साधारण हात-दोन हात उंचीपासून पहिल्या मजल्याच्या तळापर्यंतचा पट्टा धारदार होता आणि त्यावरचा सज्जा, टेकू, केळफुले, सगळे पातळ पिठल्यासारखे झाले होते. लेन्स उचलून बघितली तर टिल्टचा काटा शून्यावर नव्हता, दीड अंशावर होता. दुकानातून आणल्यावर गंमत म्हणून टिल्ट मीच फिरवला होता आणि परत फिरवताना शून्याच्या अलीकडेच थांबलो होतो. दीड अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण २४ मिमीच्या लेन्सवर तेवढ्याने फोकसचे प्रतल (ज्या पातळीवर सारे धारदार येते ती) भिंतीशी समांतर न राहता तिला आडवे कापून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी धावत गेलो तर मजुरांनी सज्जा उतरवायला घेतला होता आणि दोन टेकू ओसरीवर पोत्यावर ठेवलेले होते.

उरले ते दादाचे चार फोटो. कॅमेरा अठरा-एकोणीस अंश वर उचलल्यामुळे त्यांत वाड्याची वरची कड खालच्या कडेच्या दोन-तृतीयांशच रुंद आली होती. ती सरळ करायची म्हणजे वरचा भाग आडवा दीडपट ताणायचा, आणि ताणलेल्या भागात नवी नक्षी कोठून येणार? आहे तेच पीठ पातळ लाटायचे. तेही चालले असते. बाईंनी पट्टी लावून वरच्या खिडक्या मोजल्या तेव्हा खरी अडचण दिसली. त्यांच्या आराखड्यात खिडकीची उंची रुंदीच्या बरोबर दुप्पट होती आणि फोटोत ती पावणेदोन पटही भरत नव्हती, कारण रेषा सरळ करण्याच्या नादात वाडा बुटका झाला होता. दादा शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, माप सांगा, मी तेवढं उभं ताणून देतो.’’ त्याने ते पाच मिनिटांत करून दिले, बाईंनी स्वीकारले आणि बिलही निघाले.

माझे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे की त्या दिवशी फोटोवरून वाडा कळण्याऐवजी वाड्याच्या मापावरून फोटो बनवला गेला. समांतर सेन्सर ठेवून शिफ्टने घेतलेल्या चित्रात भिंतीवरील प्रमाण आपोआप खरे असते, कोणाला विचारून ताणावे लागत नाही. त्याचे म्हणणे असे की तुझी लेन्स खरी आणि तुझा फोटो धूसर, माझा फोटो खोटा आणि गिऱ्हाइकाच्या हातात. याला उत्तर द्यायला मला नंतर दोन वर्षे शिकावे लागले.

त्या दोन वर्षांतले जे उपयोगाचे आहे ते सांगतो. पहिले काही महिने टिल्ट कुलूपबंद ठेवावा आणि आपल्याकडे लेन्सला टिल्ट नाहीच असे समजून वागावे. तिपाई समतल करणे, सेन्सर भिंतीला समांतर आणणे आणि मगच शिफ्ट देणे, हा क्रम हाताला लागला पाहिजे. चौकट शिफ्टनेच जुळवायची, कॅमेरा वाकवून नाही. सरावासाठी ऐतिहासिक वास्तू शोधत हिंडू नये. आपल्या न्हाणीघरातील फरश्यांची भिंत सर्वांत कठोर परीक्षक असते, कारण तिच्यावर चौकोनांची जाळी आधीच आखलेली असते आणि चार चौकोनांच्या रेषा चौकटीच्या कडेशी ताडून पाहिल्या की आपली लबाडी लगेच उघडी पडते. तेथेच बेसिनवरचा आरसा असतो. कॅमेरा आरशाच्या बाजूला सरकवून ठेवा, सेन्सर समांतर राहू द्या आणि शिफ्ट आडवी द्या. आरसा चौकटीच्या मध्यावर येतो आणि त्यात आपण दिसत नाही. घरांच्या अंतर्भागाचे काम करणाऱ्याला एवढ्या एकाच युक्तीने लेन्सचे भाडे सुटते. छत जास्त आणि फरशी कमी, किंवा उलट, हा निर्णयही खुर्चीवर न चढता शिफ्टने घेता येतो.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवावे. डीएसएलआर असेल तर प्रकाशाची मोजणी शिफ्ट देण्यापूर्वी करावी, कारण लेन्स सरकवल्यानंतर कॅमेऱ्यातला प्रकाशमापक भरकटतो. ऑटोफोकस या लेन्समध्ये बहुधा नसतोच, आणि नसलेलाच बरा. पडदा दहापट मोठा करून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी धार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मी तो दुसरा आणि तिसरा ठिपका पाहिला असता तर हे उत्तर निम्म्या लांबीचे झाले असते.

टिल्टबद्दल लोकांचा समज असा असतो की जास्त वाकवले म्हणजे जास्त धारदार. हे उलटे आहे. लेन्स खाली वाकवली की तिच्या खाली काही अंतरावर एक अदृश्य बिजागरी तयार होते, आणि फोकसची रिंग फिरवली की धारेचे प्रतल त्या बिजागरीभोवती दाराच्या फळीसारखे फिरते. टिल्ट बिजागरीची जागा ठरवतो, फोकस फळीचा कोन. जमीन जवळपासून दूरपर्यंत धारदार हवी असेल तर बिजागरी जमिनीवर यायला हवी. दीड मीटर उंचीवरच्या २४ मिमी लेन्सला त्यासाठी एक अंशाहूनही किंचित कमी टिल्ट पुरतो. पूर्ण आठ अंश दिलेत तर बिजागरी लेन्सच्या खाली अवघ्या १७ सेंमीवर येऊन बसते आणि मग काय धारदार येईल ते देवालाच ठाऊक. अंदाजासाठी कॅमेऱ्याची उंची फुटांत घेऊन पाचाने गुणा आणि येणाऱ्या आकड्याने लेन्सच्या मिलिमीटरना भागा, अंश मिळतात. कासच्या पठारावर सप्टेंबरात कॅमेरा फूटभर उंचीवर ठेवलात तर पावणेपाच अंशांच्या आसपास येते. तेथे पायाशी असलेल्या फुलांपासून क्षितिजापर्यंत गालिचा धारदार येतो, मात्र जवळचा एखादा लांब दांडा त्या प्रतलाच्या वर डोके काढून धूसर होतो आणि वारा असेल तर सारीच मेहनत वाया जाते. घरी हाच सराव जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून होतो. मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आले की जमले. शहराचे खेळण्यातले गाव करून दाखवणे हा टिल्टचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत लवकर कंटाळा आणणारा उपयोग आहे, त्यावर मी वेळ घालवणार नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. आजची सॉफ्टवेअरे २०१२ पेक्षा पुष्कळ शहाणी आहेत, लेन्सचे फोकल अंतर माहीत असेल तर प्रमाण बरेचसे राखतात, आणि ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर थोडेसे ताणणे नजरेला कळतही नाही. आपले काम संकेतस्थळांवरच जात असेल आणि कॅमेरा तीन-चार अंशच वर उचलावा लागत असेल तर लेन्स विकत घेऊ नये. पूर्ण सरळपणाचाही अतिरेक होतो. राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे आणि २४ मिमीवर पूर्ण शिफ्ट देऊन तो ६७ मीटरवरूनही अख्खा मावतो, पण तसा काढलेला टॉवर डोक्याकडे जड आणि पुढे कोसळणारा भासतो. अशा वेळी मुद्दाम किंचित उतार ठेवावा किंवा सरळ मागे जावे.

आणखी एक कबुली, जी मी दादाला अजून दिलेली नाही. टिल्टचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते थिओडोर शाइमफ्लुग ऑस्ट्रियाच्या सैन्यात कॅप्टन होते, आणि त्यांच्या १९०४ च्या पेटंटमागचा खटाटोप आकाशातून तिरक्या घेतलेल्या छायाचित्रांना नंतर यंत्रावर सरळ करण्याचा होता. त्यांनी त्याचे श्रेय फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए यांच्या १९०१ च्या पेटंटला दिले होते, आणि तेही पेटंट एन्लार्जरचेच होते. म्हणजे आम्ही लेन्सवाले ज्यांचे नाव घेऊन वाद घालतो ते दोघेही मुळात पुस्तकांच्या टेकूवाल्या दादाच्याच जातकुळीचे निघाले. तरीही ते दोघे कोन मोजून काम करत असत, अंदाजाने ताणत नसत, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

तो ताणलेला फोटो दादाच्या स्टुडिओत जिन्यासमोर लावलेला आहे आणि खाली त्याने माझे नाव घातले आहे. चेष्टा म्हणून की मोठेपणाने, हे मी विचारलेले नाही. आपल्यापुरते सांगायचे तर विकत घेण्याआधी लेन्स भाड्याने आणा, सलग दोन दिवसांसाठी आणा, आणि पहिल्या दिवशी न्हाणीघराबाहेर पडू नका.