गायकाने टीव्हीवर राजकीय मत मांडलं की लोक त्याच्या गाण्यावरच का राग काढतात?

तुमचा प्रश्न असा आहे, की आवडत्या गायकाची टीव्हीवरची मुलाखत पाहिली, त्याचं राजकारणावरचं बोलणं पटलं नाही आणि आता त्याचं गाणं लागलं की बंद करावंसं वाटतं. मग कलाकारांनी अशा विषयावर बोलावंच का, आणि लोक इतके का चिडतात? मी सोलापुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती, आंबेडकर जयंती, हळदी, निवडणुका, मिळेल ते. तेव्हा हे उत्तर स्टेजच्या मागच्या बाजूने आलंय असं समजा.

बोलावं की. मतदानाच्या रांगेत तोही उभा राहतो. पण लोक मतावर चिडतात हे मला फारसं पटत नाही. लोक हिशेब मांडतात. हा हे बोलला त्यात याला काय मिळणार, आणि याचं काय जाणार?

आमच्याकडे निवडणूक लागली की एकाच गायकाच्या आवाजात दोन उमेदवारांची गाणी रिक्षांवर फिरतात. कधीकधी चालही तीच, नाव तेवढं बदललेलं. नाव मात्रेत बसलं नाही तर मध्ये 'दादा' नाहीतर 'साहेब' घालायचं, झालं काम. त्या गायकाला कोणी दलबदलू म्हणत नाही. ही सुपारी आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. तोच गायक टीव्हीवर स्वतःचं म्हणून दोन वाक्यं बोलला की मात्र लोक कान टवकारतात, कारण आता पैसे कुणी दिले ते दिसत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक गायिका होती. लावणी, भीमगीत, तेलुगू, कन्नड, काहीही द्या, गाणार. गणपतीच्या आधी एका लोकल केबल चॅनेलवर तिची मुलाखत झाली. अर्धा तास गाण्यांवर गेला आणि उठता उठता अँकरने विचारलं, "शहराबद्दल काय सांगाल?" तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून ही तऱ्हा. ती म्हणाली, "पहाटे मी रियाजाला उठत नाही ओ, पाण्याला उठते. कुणीबी निवडून येऊ दे, मोटर आमालाच लावावी लागते." झालं! तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला.

दोन दिवसांनी एका मंडळाचा अध्यक्ष रिहर्सलला आला. चप्पल न काढता दारातूनच म्हणाला, "बाकी सगळे चालतील, ती बाई नको. ती त्यांची हाय." त्याच आठवड्यात दुसऱ्या मंडळाचा फोन आला, विरुद्ध पक्षाच्या. त्यांनाही ती 'त्यांची'च वाटली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग मी कुणाची, ते दोघांनी बसून ठरवा की." त्या वर्षी दोन्ही तारखा तिच्याविना झाल्या. आम्ही दुसरी गायिका घेतली आणि वाजवून आलो. पोटाचा प्रश्न होता.

आता याच जिल्ह्यातला बार्शीचा माणूस आठवा, शाहीर अमर शेख. गिरणी कामगारांत वाढलेला, पुढे अण्णाभाऊ साठे आणि शाहीर गवाणकरांबरोबर कम्युनिस्टांच्या लाल बावटा कलापथकात आलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या मंडळींनी मैदानं गाजवली. 'तुम्ही राजकारणावर कशाला बोलता' असं त्यांना कोण विचारणार? त्यांचं गाणंच राजकारण होतं आणि ऐकणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होतं. भावगीतवाल्याचं तसं नसतं. त्याला आपण कोऱ्या पाटीसारखं घरात घेतलेलं असतं, त्याच्या तोंडून पक्षाचं नाव आलं की आपल्यालाच फसवल्यासारखं वाटतं.

उघड बाजू घेणाऱ्यालाही लोक फार बोलत नाहीत. २०२० मध्ये राज्यपालनियुक्त आमदारांच्या यादीत राष्ट्रवादीकडून गायक आनंद शिंदेंचं नाव गेलं होतं. शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं. ती यादी राजभवनात अडकून पडली ती पडलीच, पण 'आता यांची गाणी ऐकणार नाही' असं म्हणणारा मला तरी भेटला नाही.

किशोरकुमारचं तर उलटंच झालं. आणीबाणीत सरकारच्या प्रचाराच्या कार्यक्रमाला त्याने सहकार्य केलं नाही, म्हणून मे १९७६ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली. त्याने भाषण ठोकलं नव्हतं, फक्त नाही म्हटलं. हा किस्सा लोक आजही कौतुकाने सांगतात. त्याचं नुकसान झालेलं दिसतं ना, म्हणून.

या हिशेबात एक खोट आहे. गप्प बसण्याचे पैसे कुणी मोजायला लावत नाही. लताबाई १९९९ ते २००५ राज्यसभेत होत्या. सभागृहात फारशा दिसल्या नाहीत अशी टीका झाली, पण सामान्य श्रोत्याला त्याचं काही नव्हतं. २०२१ च्या फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनाच्या वेळी इतर नामवंतांबरोबर त्यांनीही सरकारच्या सुरात सूर मिळवणारं एक ट्विट केलं, आणि ही सगळी ट्विटं कुणाच्या दबावाखाली झाली का याची चौकशी करू, इथपर्यंत राज्याचे गृहमंत्री बोलले. त्या ट्विटशी मी सहमत नव्हतो. पण सहा वर्षांपेक्षा एक ट्विट जड ठरावं हे मला अजून पटत नाही.

आता तुमचं गाणं बंद करण्याचं. तुमचा गायक कोण ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून सरसकट सांगता येत नाही. कुठल्या जातीविरुद्ध, धर्माविरुद्ध लोकांना भडकवत असेल तर खुशाल बंद करा, मीही केलंय. नुसतं दुसऱ्या पक्षाला मत देत असेल, तर त्याच गाण्यातला ढोलकीवाला, बासरीवाला, गीतकार कुणाला मत देतात ते तुम्ही कुठे विचारलंत? आमचा ढोलकीवाला आणि मी टेम्पोत तुळजापूरपर्यंत राजकारणावर कचाकचा भांडतो. खाली उतरून वाजवायला बसलो की तो माझ्याकडे बघूनच तिहाई घेतो, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर येतो.

आणि तुकडा पाहिला असेल तर मूळ मुलाखत शोधा, बहुतेक चॅनेलवाले यूट्यूबवर पूर्ण टाकतात. थंबनेलवर 'हल्लाबोल' लिहिलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. राजकारणाचा प्रश्न बहुधा शेवटच्या पाच-दहा मिनिटांत असतो, तेवढाच भाग बघितला तरी चालेल. गायक आपणहून बोलला, की अँकरने तिसऱ्यांदा विचारल्यावर बोलला, ते तिथे कळतं.