मजकूर नसलेल्या, हाताने केलेल्या चित्रांच्या पुस्तकाला पुस्तक म्हणता येईल का? आणि बांधणी कोणती घ्यावी?

पुस्तकच म्हणायचं. हा वाद आमच्या घरात चार वर्षं चाललाय, म्हणून लिहायला बसले.

वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातला आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा मी त्याचं घडीचं पुस्तक केलं, पंख्यासारखं उलटसुलट घड्यांनी उघडणारं. अकरा घड्या, अक्षर एकही नाही. पहिल्या घडीवर दिंडीदरवाजा. त्याला ब्लेडने एक फट कापली, तिच्यातून मागच्या पानावरच्या झोपाळ्याची नुसती कडी दिसते. घडी उघडली की अख्खा झोपाळा.

काकांनी ते भराभर चाळलं. "यात वाचायचं काय? हा अल्बम झाला." काका जन्मभर वाचनालयात रमलेले. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयं उभी केली, हे ते जेवतानासुद्धा सांगतात. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

काकूने मात्र पाचवी घडी उघडली, परत चौथीवर आली, पुन्हा पाचवी. "माजघरातून स्वैपाकघरात उतरायला पायरी होती गं. गाळलीस तू."

दोन चित्रांच्या मध्ये काय सुटलंय ते तिला कळलं, म्हणजे तिने ते वाचलं. अल्बममध्ये कोणी असली चूक काढत नाही. चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी आपल्या चित्रांच्या संचाला पोथीच म्हणतात. राजस्थानातली कावड, म्हणजे दारादारांवर चित्रं असलेली लाकडी पेटी, एकेक दार उघडत गोष्ट सांगते, आणि तिचंच रूप इथे वडोदऱ्यात चित्रकार गुलाममोहम्मद शेखांनी आपल्या चित्रांसाठी घेतलं. काका म्हणतात, तिथे सांगणारा असतो. मग आमच्याकडे काकू होती की!

बांधणीचं म्हणाल तर घडी कागदाच्या ग्रेनला, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेला धरूनच मोडा. कागद आधी आडवा, मग उभा हलकेच वाकवून बघा, जिकडे कमी जोर लागतो तिकडे मोडायचा. मी घाईत उलटा मोडला आणि पहिल्याच पावसाळ्यात आठव्या घडीवरच्या रंगाचे टवके उडाले. चिकटवायला मैद्याची खळ, किडीसाठी तिच्यात चिमूटभर मोरचूद.

हो, पुस्तक लहान मुलांच्या हातात जाणार असेल तर मोरचूद अजिबात नको, विषारी असतं. घडीही नको, मुलं ओढून फाडतात. पानं एकत्र मधोमध दुमडून त्या दुमडीवर तीन भोकं पाडा आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवा.

पायरी मी नंतर जाड कागदाची कापून चिकटवली. पुस्तक मिटलं तरी तिथे बोटाला उंचवटा लागतो. काकांनी ते अजून दुसऱ्यांदा उघडलेलं नाही.