चाळिशी ओलांडल्यावर काखेतला घाम एकदम वाढलाय, डिओने काही फरक पडत नाही. काय करता येईल?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की वय ४३, गेल्या वर्षभरात काखेतला घाम इतका वाढलाय की दुपार व्हायच्या आत शर्टावर डाग दिसतात, डिओ बदलून बदलून कंटाळा आला आणि आता चारचौघांत हात वर करायचीही चोरी झालीय. तुम्ही स्त्री की पुरुष हे प्रश्नात लिहिलेलं नाही, म्हणून दोघांनाही लागू पडेल असं लिहिते. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. कॉलेजात असल्यापासून मला हा त्रास आहे. पंचेचाळिशीच्या आसपास त्याने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा डॉक्टरांशी सविस्तर बोलणं झालं, वाचनही बरंच झालं. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगते.

डिओचा विषय आधी मिटवून टाकू. डिओ हा वासासाठी असतो, घाम थांबवणं त्याचं कामच नाही. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत घामाच्या नेहमीच्या ग्रंथींबरोबर आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात येताना कामाला लागतात. त्यांच्यातून येणाऱ्या दाटसर स्रावावर त्वचेवरचे जिवाणू ताव मारतात आणि त्यातून वास तयार होतो. डिओ त्या जिवाणूंना आवर घालतो आणि वर सुगंध चढवतो. तुमची तक्रार ओलेपणाची आहे, त्यामुळे दहा डिओ बदलले तरी शर्ट ओलाच राहणार. त्यासाठी लागतं ते अँटीपर्स्पिरंट, म्हणजे ज्यात अ‍ॅल्युमिनिअमचे क्षार असतात ते. बाटलीवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्यापेक्षा मागची घटकांची यादी वाचा. त्यात अ‍ॅल्युमिनिअम कुठेच नसेल तर ते घाम थांबवणारं नाही.

पण दुकानात जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा घाम जुना आहे की नवा? माझ्या मते चाळिशीतल्या माणसासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच वगळून थेट उपायांकडे वळतात.

जुना घाम ओळखणं सोपं आहे. तो साधारण पंचविशीच्या आत सुरू झालेला असतो. दोन्ही काखांत सारखाच येतो, बरेचदा तळहात-तळपायांनाही येतो, घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तरी असतो, आणि झोपेत थांबतो. ही शेवटची खूण फार बोलकी आहे. रात्री काखा कोरड्या आणि जाग आल्यावर तासाभरात ओल्या, असं असेल तर ग्रंथी चांगल्या आहेत, त्यांना मज्जातंतूंकडून जरुरीपेक्षा जास्त हुकूम सुटतायत एवढंच. याला प्राथमिक अतिस्वेद म्हणतात. त्रासदायक आहे, धोकादायक नाही.

तुम्ही मात्र ‘गेल्या वर्षभरात’ असं लिहिलंय. तरुणपणी काही नव्हतं आणि चाळिशीत घाम नव्याने सुरू झाला, किंवा आधी फक्त काखेत होता तो आता सगळ्या अंगाला यायला लागला, तर त्याच्यामागे दुसरं काही आहे का हे आधी बघायला हवं. पहिला संशय थायरॉइडवर घ्या. ग्रंथी जास्त काम करत असेल तर घामाबरोबर छातीत धडधड, हातांना बारीक थरथर, खाणं तेवढंच असून वजन उतरणं, उकाडा सहन न होणं यांपैकी काहीतरी सोबत असतं. टीएसएचची साधी रक्ततपासणी करून ते कळतं. त्याच वेळी साखरही तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि घाम मध्येच, भुकेच्या वेळी, गरगरल्यासारखं होऊन येत असेल, तर साखर उतरत असण्याची शक्यता असते. आणि काखेतली त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती नुसती घासून घासून काळी पडली असं धरून चालू नका. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. वजन वाढलं असेल तरी घाम वाढतो, आणि चाळिशीत ते कुणाचं वाढत नाही!

औषधांकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. नैराश्यावरच्या आणि चिंतेवरच्या बऱ्याच गोळ्यांनी घाम वाढतो. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी वाढतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी वाढतो. घाम सुरू झाला त्याच्या आगेमागे एखादं नवं औषध सुरू झालं होतं का, हे आठवून बघा. मात्र गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा, डोस किंवा गोळी बदलता येते.

तुम्ही स्त्री असाल तर पाळीकडे लक्ष द्या. पाळी कायमची जाते ती साधारण ४५ ते ५५ या वयात, पण संप्रेरकांची वरखाली त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होते. इस्ट्रोजेन उतरलं की शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग उगाच हळवा होतो, तापमानात जरासा फरक पडला तरी अंग थंड करायला धावतो. हा घाम ओळखता येतो. छातीपासून एक गरम लाट वर चढते, मान-चेहरा लाल होतो, काही मिनिटं दरदरून घाम सुटतो आणि मागोमाग हुडहुडी भरते. रात्रीही येतो. माझ्या बाबतीत जुन्या घामावर हा नवा घाम चढला होता, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. काखेचा काखेत, गरम लाटांचा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. रात्री कपडे-चादर भिजेल इतका घाम, सोबत बारीक ताप किंवा वजन घटणं, असं असेल तर लवकर डॉक्टरांना दाखवा, त्यात क्षयरोगापासून लिम्फोमापर्यंत (हा लसिका ग्रंथींचा कर्करोग) काहीही तपासावं लागतं. घाम एकाच बाजूला येत असेल तरी दाखवा. आणि छातीत दुखून किंवा दडपण येऊन अचानक थंड घाम सुटला, तर तो या उत्तराचा विषयच नाही, सरळ तातडीच्या विभागात जा.

आता समजा हे सगळं तपासून झालं आणि काही निघालं नाही. मग खरा उपाय अँटीपर्स्पिरंट, पण ते रात्री लावायचं. लोक सकाळी अंघोळ करून, ओलसर काखेत, घाईघाईने फिरवतात आणि ‘माझ्यावर काही चालत नाही’ म्हणून सोडून देतात. त्याचं काम कसं चालतं ते समजलं की वेळेचं महत्त्व कळतं. अ‍ॅल्युमिनिअमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी शिरून तिथे बारीकसं बूच तयार करतात. नळीतून घाम वाहत असेल तर ते आत शिरायच्या आधीच धुऊन निघतात. रात्री घाम सगळ्यात कमी असतो, तेव्हाच त्यांना बसायला जागा मिळते. एकदा बूच बसलं की सकाळच्या अंघोळीने ते निघत नाही, वरचा थर तेवढा धुतला जातो, आणि तो धुवायचाच असतो.

नेहमीच्या रोल-ऑनने भागलं नाही तर औषधाच्या दुकानात अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइड हेक्साहायड्रेटचं द्रावण मिळतं, बहुधा २० टक्क्यांचं. मी तेच वापरते. झोपण्याआधी काख पूर्ण कोरडी करायची. पूर्ण म्हणजे टॉवेलने टिपून वर थोडा वेळ पंख्याखाली हात वर करून बसायचं, किंवा हेअर ड्रायरची गार हवा मारायची. हास्यास्पद दिसतं, पण सगळी मेख इथेच आहे. हे द्रावण पाण्याला लागलं की आम्ल तयार होतं आणि त्याने चरचरतं. मग पातळ थर, वाळू द्यायचा, वर सैल जुना कपडा, कारण कापड खराब होतं. घाम आटोक्यात येईपर्यंत रोज रात्री, साधारण आठवडा-दोन आठवडे. नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. त्वचा झडून नवी येते तशी बुचंही जातात, म्हणून कायमचं बंद करता येत नाही.

काखेतले केस काढले त्या रात्री आणि पुढच्या रात्री लावू नका, आग आग होते. नुसती खाज सुटली तर एक रात्र सोडून लावा. लाली टिकली तर डॉक्टर थोडे दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिझोनचं मलम देतात. अ‍ॅल्युमिनिअमने स्तनाचा कर्करोग होतो ही भीती मलाही अनेकांनी घातली. तसा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर मात्र विचारूनच वापरा, कारण शरीरातलं अ‍ॅल्युमिनिअम बाहेर टाकणं हे मूत्रपिंडांचंच काम.

‘घाम अडवला तर अंगातली घाण आत राहील’ असंही कुणीतरी सांगेलच. अंगभर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात, काखांच्या वाट्याला त्यांतला अगदी छोटा हिस्सा येतो. तेवढा बंद झाल्याने शरीराचं काही अडत नाही.

औषधाचा परिणाम दिसेपर्यंत कपड्यांनी निभावून न्यावं लागतं. यात माझा हातखंडा आहे. राखाडी आणि फिकट निळा हे दोन रंग कपाटातून हद्दपार करा, ओल सगळ्यात आधी त्यांच्यावर उमटते. पांढरा, गडद निळा, काळा किंवा बारीक नक्षीचा कपडा लपवून घेतो. काखेत सैल हवा. पॉलिस्टरमध्ये वास मुरतो आणि धुऊनही जात नाही. काखेत चिकटवायचे शोषक पॅड मिळतात, ते बरे असतात, पण दिवसभर हात हलवायचं काम असेल तर गुंडाळी होऊन बाहेर डोकावतात. फळ्यावर लिहिताना मी वर्षानुवर्षं कोपर अंगाला चिकटवून लिहायचे, त्यामुळे माझ्या वर्गात फळ्याचा वरचा हातभर भाग कायम कोरा. मागच्या बाकावरची मुलं माना उंचावून वाचायची. पिवळ्या डागांचं म्हणाल तर ते बहुतेक घाम आणि अ‍ॅल्युमिनिअम एकत्र आल्याने पडतात. त्यांवर क्लोरीनचं ब्लीच ओतू नका, डाग आणखी गडद होऊ शकतात.

द्रावणाने महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तिथे ‘खूप घाम येतो’ एवढंच सांगून भागत नाही. घाम कामाच्या किती आड येतो यावर ते त्याची तीव्रता १ ते ४ अशी मोजतात: जाणवतच नाही, सहन होतो, जेमतेम सहन होतो आणि वारंवार आड येतो, अजिबात सहन होत नाही. तुम्ही प्रश्नात जे लिहिलंय ते तीनच्या खाली नाही. तसंच सांगा.

पुढचे उपाय तिथून सुरू होतात. ग्लायकोपायरोनिअमचे औषधी रुमाल असतात, दिवसातून एकदा काखेत पुसायचे. पुसून झाल्यावर हात साबणाने धुवायला विसरू नका. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन तासन्तास धुरकट दिसतं. पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत, ऑक्सिब्युटिनिन किंवा ग्लायकोपायरोलेट. घाम कमी करतात, पण तोंड कोरडं पाडतात, बद्धकोष्ठ करतात, आणि अंगभरचा घाम घटल्याने कडक उन्हात शरीर तापण्याचा धोका असतो. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला अडत असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून चाळिशीनंतर हे आपणहून डॉक्टरांच्या कानावर घाला.

मला सगळ्यात समाधान दिलं ते बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी. सुरकुत्यांसाठी नाव झालेलं असलं तरी अमेरिकेत काखेच्या घामासाठी त्याला २००४ मध्येच मान्यता मिळाली. मज्जातंतू ग्रंथीला जो रासायनिक निरोप धाडतो तोच ते अडवतं. आयोडीन आणि स्टार्च लावून घामाची जागा आधी निळीकाळी उमटवतात, मग प्रत्येक काखेत बारीक सुईने दहा-पंधरा ठिकाणी मिळून साधारण ५० युनिट देतात. दुखतं, पण सहन होतं. आठवड्याभरात काख कोरडी पडते आणि सहा महिने, कधी त्याहून जास्त तशी राहते. मग पुन्हा घ्यावं लागतं. स्वस्त नाही, हे आधीच धरून चाला. मायक्रोवेव्हने ग्रंथी जाळून टाकायचं यंत्रही आहे. जळलेल्या ग्रंथी परत येत नाहीत, पण काही आठवडे सूज आणि बधिरपणा राहू शकतो. ते मी केलेलं नाही.

छातीतल्या मज्जातंतूंची साखळी कापायची शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर काखेसाठी म्हणून घाईने हो म्हणू नका. काखा कोरड्या होतात, पण बऱ्याच जणांना त्याची भरपाई म्हणून पाठ, पोट आणि मांड्यांना घाम फुटतो, आणि ते सहसा उलटवता येत नाही. माझ्या डॉक्टरांनी तर तो पर्याय चर्चेलाच घेतला नाही.